कडाक्याच्या थंडीत आजारी आणि जखमी कोंबडी: आधी ऊब, मग पाणी, मग दाणा, मग औषध

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत उत्तर महाराष्ट्रात परसातल्या कोंबड्यांचे हाल होतात. निफाड तालुक्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांखाली उतरल्याच्या नोंदी आहेत. सातपुड्यात डाब, वालंबा, तोरणमाळच्या बाजूला पहाटे गवतावरचे दव गोठते. धडधाकट गावरान कोंबडी ही थंडी काढते. आजारी किंवा जखमी कोंबडी मात्र संध्याकाळी नुसती मलूल दिसते आणि सकाळी खुराड्यात ताठ पडलेली सापडते. तिला रोगाने मारले असे आपण समजतो. बऱ्याचदा तिला थंडी आणि उपास यांनी मारलेले असते.

कोंबडीच्या अंगाचे तापमान साधारण ४१ अंश सेल्सिअस असते. बाहेर सहा अंश असतील तर पस्तीस अंशांचा फरक तिला रात्रभर सांभाळावा लागतो. त्यासाठी तिच्याकडे दोनच गोष्टी आहेत: पिसांत अडकलेली हवा आणि पोटातला दाणा. आजारी कोंबडी खात नाही, म्हणजे आतली चूल विझत आली. पिसे हगवणीने, रक्ताने किंवा पाण्याने भिजली, म्हणजे अंगावरचे पांघरुणही गेले. म्हणून हिवाळ्यातल्या उपचाराचा क्रम उन्हाळ्यासारखा नसतो. आधी ऊब, मग पाणी, मग दाणा आणि त्यानंतर औषध. हा क्रम चुकला तर चांगले औषधही कामाला येत नाही.

आजारी कोंबडी कशी ओळखायची

कोंबडी आजार लपवते. कळपात कमजोर दिसली की बाकीच्या टोचतात, म्हणून ती शेवटपर्यंत उभी राहते. आपल्या लक्षात येते तेव्हा दोन-तीन दिवस उलटून गेलेले असतात.

सकाळी खुराड्याचे दार उघडतानाची पाच मिनिटे सगळ्यात मोलाची. थंडीत सगळ्याच कोंबड्या पिसे फुगवून बसतात, त्यामुळे नुसत्या फुगलेल्या पिसांवरून काही कळत नाही. मूठभर ज्वारी टाकून पाहा. धडधाकट कोंबडी क्षणात पिसे अंगाला चिकटवून धावते. जी फुगलेलीच राहते, शेपटी खाली पडलेली, मान आत ओढलेली, डोळे अर्धे मिटलेले, ती उचलून बाजूला घ्या.

हातात घेतल्यावर तपासणी एकाच क्रमाने करायची सवय लावा, म्हणजे काही सुटत नाही. गळ्याखाली उजव्या बाजूला अन्नाची पिशवी असते. ती संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी हवी. सकाळीही ती टम्म किंवा पिठाच्या गोळ्यासारखी लागली तर अन्न पुढे सरकत नाही. मग छातीचे हाड चाचपा. ते सुरीच्या पात्यासारखे टोचत असेल तर आजार जुना आहे, आज दिसला एवढेच. नंतर नाक, डोळे आणि तोंडाचा वास. पंखाखाली आणि गुदद्वाराभोवती उवा, लिखा. पायाचे तळवे. शेवटी विष्ठा: पातळ हिरवी विष्ठा बहुतेक वेळा उपाशी पोटाची खूण असते, लाल असेल तर रक्ती हगवणीची शंका घ्यावी.

वजन करा आणि लिहून ठेवा. धान्य मोजायचा साधा काटा आणि एक टोपली पुरते. दीड किलोची कोंबडी दोन-तीन दिवसांत दीडशे ग्रॅमने उतरली तर घरचे उपाय पुरे झाले, दवाखाना गाठायचा.

आजारी कोंबडीची जागा

साधारण दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच खोके किंवा मोठे डालगे घ्या. याहून मोठी जागा गरम राहत नाही. खाली गोणपाट, त्यावर तीन इंच भाताचे तूस किंवा कोरडा भुसा, आणि सगळ्यात वर जुन्या पांढऱ्या धोतराचा किंवा चादरीचा तुकडा. पांढरे कापड अशासाठी की विष्ठेचा रंग आणि रक्ताचा थेंब लगेच दिसतो. नुसते वर्तमानपत्र अंथरू नका. पाय घसरतात आणि अशक्त कोंबडी फाकून बसते.

उबेसाठी ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावा. एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. बल्ब खोक्याच्या एका टोकाला, काठाच्या थोडा वर टांगा, मध्यभागी नको. गरम वाटले तर कोंबडीला सरकायला दुसरे टोक मोकळे राहिले पाहिजे. बल्ब आणि भुसा यांत निदान दीड फूट अंतर ठेवा. तो वायरवर न लोंबवता तारेने किंवा साखळीने पक्का बांधा आणि भोवती जाळी लावा. बल्ब भुशात पडून खुराडीच्या खुराडी जळतात, त्यामुळे इथे आळस चालत नाही. कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर तापमापक ठेवून पहिल्या दिवशी २८ ते ३० अंश राखा. श्वासाचा त्रास असेल तर २५ अंश पुरे. चोच उघडून धापा टाकत असेल आणि पंख अंगापासून लांब धरत असेल तर जास्त झाले. बल्बाखालीच दबून बसत असेल तर कमी पडते आहे.

लोडशेडिंग असेल तर लिटरभराच्या बाटलीत गरम पाणी भरून, बूच घट्ट लावून, टॉवेलात गुंडाळून कोंबडीच्या एका बाजूला ठेवा. दर तीन तासांनी पाणी बदला. रात्री एकदा उठावे लागते, त्याला इलाज नाही.

कोंबडीला चुलीशेजारी टोपलीखाली झाकून ठेवायची रीत गावोगावी आहे. त्यातली उबेची समज बरोबर आहे, पण धूर वाईट. कोंबडीची फुप्फुसे आणि त्यांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या फार नाजूक असतात आणि सर्दी झालेली कोंबडी धुरात आणखी खचते. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कधीच नको, ती माणसालाही मारते.

ही जागा खुराड्यापासून जमेल तितकी दूर, आणि तिच्याकडून वारा खुराड्याकडे वाहणार नाही अशा बाजूला हवी. आधी धडधाकट कोंबड्यांचे दाणापाणी, सगळ्यात शेवटी आजारी कोंबडीचे. तिची भांडी वेगळी, चपलाही वेगळ्या. झोपायच्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात तिला ठेवू नका.

पहिला तास

१. कोंबडी जुन्या टॉवेलात पंख मिटून गुंडाळा. मान मोकळी, छाती सैल. कोंबडीला आपल्यासारखे श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला पडदा) नसते, छातीचे हाड पुढे-मागे हलते तेव्हाच तिला श्वास घेता येतो. छाती आवळली की ती गुदमरते.

२. रक्त वाहत असेल तर ते आधी थांबवा (पद्धत पुढे दिली आहे). बाकी धुणे, पुसणे, औषध आत्ता नको.

३. खोक्यात ठेवा, वरून कापड अर्धे झाका, अर्धा-पाऊण तास हात लावू नका.

४. पाय आणि चोचीच्या आतला भाग हाताला कोमट लागू लागला की पाणी द्या.

५. पाणी पचते आहे, कोंबडी मान वर धरते आहे असे दिसल्यावरच दाणा.

थंड पडलेल्या कोंबडीला आल्याआल्या भरवणे ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. अंग गार असते तेव्हा आतडी जवळजवळ थांबलेली असतात. दिलेले अन्न गळ्याच्या पिशवीत पडून राहते, आंबते, आणि दुसऱ्या दिवशी चोचीला आंबूस वास येतो. माया म्हणून भरवलेला घास अशा वेळी घात करतो.

पाण्यासाठी मेडिकलमधली ओआरएसची एक लिटरची पुडी चालते. घरी करायचे तर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मिठाचे माप अंदाजाने घेऊ नका, जास्त मीठ कोंबडीला बाधते. पाणी रोज नवे करा आणि दोन दिवसांनंतर साध्या कोमट पाण्यावर या.

सुई काढलेली पाच मिलिलिटरची सिरिंज घ्या. कोंबडी सरळ बसलेली असावी, उताणी कधीही नाही. चोचीच्या कडेला एक थेंब लावा. ती चोच हलवून तो आत घेईल, गिळेल. मग पुढचा थेंब. चोच उघडून आत पिचकारी मारू नका. जिभेच्या मुळाशी मधोमध जी फट उघडझाप करताना दिसते ती श्वासनलिका आहे. पाणी तिथे गेले की कोंबडी हातातच जाते किंवा चार दिवसांनी न्यूमोनियाने जाते. दर तासाला ५ ते १० मिलिलिटर, दिवसभरात दीड किलोच्या कोंबडीला ७५ ते १०० मिलिलिटर पोटात गेले तरी तग धरते. मान टाकलेल्या, गिळत नसलेल्या कोंबडीला तोंडाने काहीच देऊ नका. तिला डॉक्टरांनी नळीने किंवा इंजेक्शनने द्यावे लागते.

पहिले खाणे मऊ आणि थोडे हवे. उकडलेल्या अंड्याचा बलक कोमट पाण्यात कालवून, किंवा लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचे तयार भरडलेले खाद्य) गरम पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून, किंवा तांदळाची बिनमिठाची पेज. एका वेळी १५ ते २० ग्रॅम, दिवसातून चार-पाच वेळा. दर वेळी गळ्याची पिशवी चाचपून मागचे पुढे सरकल्याची खात्री करा. दूध नको. तिखट-मिठाचे उरलेले कालवण, फरसाण, चहात बुडवलेले पाव हे तर मुळीच नको. चोचीने स्वतः टिपायला लागली की भरडलेला मका आणि बाजरी द्या. संध्याकाळचा शेवटचा घास मात्र चुकवू नका, रात्रीची ऊब त्यातून येते.

जखम

परसातल्या कोंबडीला जखमा ठरलेल्या असतात. मुंगूस मान आणि डोके धरते, कुत्रा पाठ आणि शेपटीकडचा भाग ओढतो, बोका पंख आणि बगल फाडतो. कोंबड्यांच्या झुंजीत तुरा आणि डोळा. थंडीच्या तोंडाला पिसे झडून नवी येत असतात तेव्हा रक्ताने भरलेले कोवळे पीस मोडले तरी बरेच रक्त जाते.

रक्त थांबवायला स्वच्छ कापडाची घडी जखमेवर धरून सलग पाच मिनिटे दाबा. मध्येच उचलून बघू नका, बघितले की धरलेली गाठ सुटते. तुरा किंवा नखातून रक्त येत असेल तर बारीक तुरटी किंवा मक्याचे पीठ वर दाबा. खोल जखमेत पीठ किंवा हळद भरू नका, आत गोळा होऊन सडते.

धुणे तासाभराने, कोंबडी ऊबदार झाल्यावर. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ. जखमेभोवतीची पिसे कात्रीने आखूड करा, उपटू नका, कातडी कागदासारखी फाटते. वीस मिलिलिटरच्या सिरिंजने कडेकडेने पाणी सोडून माती, पिसे, रक्ताच्या गाठी काढा. नंतर पोविडोन आयोडीन दहापट पाण्यात मिसळून, काळ्या चहाच्या फिक्या रंगाचे झाले की तेवढेच वापरा. पाठीवर किंवा बरगड्यांवर खोल भोक असेल तर त्यात पाण्याची धार सोडू नका. आत हवेच्या पिशव्या असतात, पाणी थेट श्वासाच्या मार्गात जाते. अशी जखम वरवर पुसून, झाकून डॉक्टरांकडे न्या. जखमेजवळची कातडी फुग्यासारखी फुगून दाबल्यावर चरचर वाजली तर हवेची पिशवी फुटली आहे.

हिवाळ्यात एक गोष्ट कटाक्षाने पाळा: जखमेपुरतेच भिजवा, आणि भिजलेला प्रत्येक भाग पूर्ण कोरडा करा. टॉवेलने टिपून, मग हेअर ड्रायर मंद आचेवर फुटभर अंतरावरून. अख्खी कोंबडी धुवायची गरज जवळजवळ कधीच नसते. खोबरेल तेलात कालवलेली हळद किरकोळ ओरखड्याला ठीक, पण तेल पिसांना लागले की पिसे चिकटतात, त्यांतली हवा जाते आणि तेवढ्या जागेतून ऊब निसटत राहते. म्हणून मलम लावायचे ते उघड्या कातडीवर आणि पातळ. रॉकेल, फिनाइल, तंबाखूचा चुरा, बॅटरीतली पूड, चुना यांतले काहीही जखमेवर घालू नका. वेदना कमी करणारी बधिरतेची मलमेही नकोत, पक्ष्यांना ती विषारी ठरू शकतात.

पहिले तीन दिवस जखम दोनदा बघा, नंतर एकदा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखमेभोवतीची कातडी हिरवी पडलेली दिसते आणि माणसे घाबरतात. ते सडणे नाही. आपला मुका मार काळा-निळा होतो, कोंबडीचा हिरवा होतो. सडलेली कातडी काळी, गार आणि घाणेरड्या वासाची असते. कोंबडीचा पूही आपल्यासारखा वाहत नाही, खव्यासारखा घट्ट खडा होतो, म्हणून पू दिसत नाही याचा अर्थ जखम स्वच्छ आहे असा होत नाही. बाकी कोंबडीची कातडी फार जिद्दीने भरते. तळहाताएवढी उघडी जखमही कोरडी, झाकलेली आणि उबेत राहिली तर तीन-चार आठवड्यांत आतून भरत येते. कुत्र्या-मांजराचा दात लागला असेल तर जखम बारीक असली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण दातासोबत जंतू खोलवर जातात. दुपारी ऊन पडले की माश्या येतात, खोक्यावर मच्छरदाणीचा तुकडा घाला. आळ्या झाल्याच तर चिमट्याने वेचा आणि मिठाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा.

मोडलेला पाय, मोडलेला पंख, तळव्याची गाठ

पायाची खवल्यांची नडगी मोडली असेल आणि कातडी फाटली नसेल तर घरी बांधता येते. पायाभोवती कापसाचा पातळ थर, दोन्ही बाजूंनी टोके घासून गोल केलेल्या आइस्क्रीमच्या काड्या, वरून एक इंची कागदी चिकटपट्टी. बोटे उघडी ठेवा. रोज ती चाचपा: सुजली, गार पडली, रंग बदलला तर पट्टी घट्ट आहे, लगेच सोडून सैल बांधा. थंडीत हे विशेष जपावे, आवळलेल्या पायाकडे रक्त आधीच कमी जाते. तीन आठवडे काड्या आणि डालगे, उडी मारायला जागा नको. गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर मोडले असेल किंवा हाड बाहेर दिसत असेल तर घरी प्रयोग करू नका.

पंख लोंबत असेल तर तो नैसर्गिक घडीत मिटून क्रेप बँडेजने त्याच पंखाभोवती आठाच्या आकड्यासारखा गुंडाळा. एक वेढा अंगाभोवती लागलाच तर त्याखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. दोन ते तीन आठवडे पुरतात.

तळव्याला काळी खपली आणि खाली टणक गाठ असेल तर पाय कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवा, कोरडा करा, पोविडोनचे मलम लावून पट्टी बांधा, रोज. ब्लेडने कापून गाठ काढण्याच्या फंदात पडू नका.

थंडीतले नेहमीचे आजार

सर्दीत एका किंवा दोन्ही डोळ्यांखाली चेहरा सुजतो, नाकातून चिकट स्राव येतो आणि त्याला कुजका वास असतो. रात्री शांत झाल्यावर खुराड्याशी कान दिला तर घरघर ऐकू येते. चिकटलेले डोळे कोमट मिठाच्या पाण्याच्या कापसाने दिवसातून तीनदा सोडवा. डोळा मिटलेला असेल तर कोंबडीला दाणा दिसत नाही आणि ती भुकेने मरते, म्हणून डोळे सोडवणे हाच अर्धा उपचार. हा जंतूंचा आजार आहे, प्रतिजैविक लागते, पण कोणते आणि किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवायचे. बरी झालेली कोंबडीही जंतू बाळगून राहते. पुढच्या हिवाळ्यात नव्या तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांना) तिच्यापासून लागण होते.

मानमोडीत, म्हणजे राणीखेतमध्ये, मान पिळवटते, पाय-पंख लुळे पडतात, हिरवी-पांढरी हगवण लागते, आणि एका पाठोपाठ एक मरतात. यावर औषध नाही, लस आहे. पिलांना ५ ते ७ दिवसांचे असताना लासोटा, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. आठव्या आठवड्याला आर-टू-बी, कातडीखाली अर्धा मिलिलिटर. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि मिसळलेली लस दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी टोचून घ्यावे. लस बर्फातून आणा, आणि धडधाकट कोंबड्यांनाच द्या.

देवीत तुरा, कल्ले (चोचीखाली लोंबणारी लाल कातडी) आणि डोळ्यांभोवती चामखिळीसारख्या खरखरीत खपल्या येतात. खपल्या ओढू नका, पोविडोन लावा, तीन-चार आठवड्यांत गळून पडतात. तोंडात पिवळसर पापुद्रे आले आणि श्वास अडू लागला तर दवाखाना. थंडीने तुरा काळा पडला असे अनेकजण समजतात, पण मैदानी महाराष्ट्रात तसे क्वचितच होते. गोठण्याचे काळेपण तुऱ्याच्या टोकांना गुळगुळीत असते, देवीचे खरखरीत असते. अख्खा तुरा निळा-जांभळा झाला तर तो श्वासाचा, हृदयाचा किंवा बर्ड फ्लूचा इशारा असू शकतो.

पारा शून्याखाली जातो अशा ठिकाणी कोंबड्या पाळणाऱ्यांना, मग ते सातपुड्याच्या माथ्यावर असोत की कॅनडात स्थायिक झालेले मराठी कुटुंब असो, तुरा आणि बोटे खरोखर गोठलेली दिसू शकतात. गोठलेला भाग चोळू नका, ड्रायर लावू नका. बोटे ३८ ते ४० अंशांच्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे धरा, कोरडी करा. काळी झालेली टोके कापू नका, ती आपोआप सुकून गळतात आणि तोवर खालच्या कातडीला आसरा देतात.

औषधांची शिस्त

घरात उरलेल्या माणसांच्या गोळ्या कोंबडीला देऊ नका. डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे, कारण त्याने आपल्याकडची गिधाडे संपत आली. ते कोंबडीच्या मूत्रपिंडांनाही घातक आहे. प्रतिजैविक सुरू केले तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा. तेवढे दिवस आणि त्यानंतर सांगतील तितके दिवस अंडी खाऊ किंवा विकू नका. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना दूर असेल तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करता येते.

बाकीच्या कोंबड्यांचे खुराडे

एक आजारी पडली की लोक उरलेल्या खुराड्याला चहूबाजूंनी प्लास्टिक ठोकतात. सर्दी पसरण्याचे हेच मोठे कारण. श्वासाची वाफ आणि विष्ठेचा अमोनिया आत कोंडतो, भुसा ओला होतो, डोळे-नाक चुरचुरते आणि जंतूंना वाट मिळते. कोंबडीच्या उंचीला वारा अडवा, छपराखाली वीतभर फट मोकळी ठेवा. प्लास्टिकऐवजी गोणपाटाचे पडदे, सूर्यास्ताला सोडायचे आणि सकाळी ऊन आले की वर गुंडाळायचे. खुराड्यात वाकून कोंबडीच्या तोंडाच्या उंचीवर श्वास घ्या. तुमचे डोळे झोंबले तर भुसा बदला. संध्याकाळी बसायच्या आधी प्रत्येकीला ३० ते ४० ग्रॅम मका किंवा बाजरी द्या, आणि सकाळचे पाणी कोमट.

मरतूक झाली तर

एखादी कोंबडी मेली तर समजून घेता येते. दोन दिवसांत चार-पाच पटापट मेल्या, चेहरे सुजले, तुरे निळे पडले, तर हात लावायचे थांबा आणि दवाखान्याला कळवा. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला निघाला, आणि २०२१ मध्ये तिथेच पुन्हा आला. हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात आणि त्यांच्यामार्फत हा रोग येऊ शकतो. निफाडमधलेच नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, आणि थंडीही त्या तालुक्यात कडक. अशा जलाशयांच्या काठच्या वस्त्यांनी कोंबड्या पाण्यावर सोडू नयेत.

मरायला टेकलेली कोंबडी कापून खाणे किंवा घाईने बाजारात विकणे यातून रोग गावभर जातो. मेलेली कोंबडी विहिरीपासून लांब, निदान तीन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. नाल्यात किंवा कुत्र्यांपुढे टाकू नका. आणि दोन्ही पाय लुळे पडलेली, मान पिळवटलेली, चार दिवसांत एक थेंबही न गिळलेली कोंबडी ओढून ताणून जगवू नका. डॉक्टरांना सांगून तिला सोडवणे हीसुद्धा देखभालच आहे.

परत कळपात

कोंबडी स्वतः खायला लागली, वजन दोन-तीन दिवस वाढते आहे आणि जखमेवर कोरडी कातडी आली, की ऊब उतरवायला घ्या. ती एकदम बंद करू नका. पहिल्या दिवशी दुपारी बल्ब बंद, दुसऱ्या दिवशी फक्त रात्री चालू, तिसऱ्या दिवशी पहाटे दोनच तास चालू, चौथ्या रात्री पूर्ण बंद. जखमेभोवती कापलेली पिसे परत येईपर्यंत ती जागा उघडी असते, म्हणून थंडीची लाट चालू असताना परत पाठवू नका. संसर्गाचा आजार झाला असेल तर लक्षणे गेल्यावरही निदान दोन आठवडे वेगळी ठेवा.

आठवडाभराहून जास्त दिवस दूर राहिलेली कोंबडी बाकीच्यांना परकी होते. तीन-चार दिवस तिला दिवसा खुराड्याजवळ डालग्याखाली ठेवा, एकमेकींना दिसतील पण टोचता येणार नाही अशी. मग एका संध्याकाळी अंधार पडल्यावर हळूच दांडीवर, दोन कोंबड्यांच्या मध्ये बसवा, तिथे दोन्हीकडून ऊब मिळते. दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडायला स्वतः जा, दाणा दोन ठिकाणी टाका, आणि अर्धा तास तिथेच थांबा. लाल दिसणारी जागा दिसली की बाकीच्या तिथेच टोचतात. तसे झाले तर तिला लगेच उचला आणि आणखी चार दिवस थांबा.